जँगोवर एक आंबा हंगाम: सगळा राग ड्रॉपडाउनवर

हापूसच्या ऑर्डरींसाठी जँगो ५.२ (पायथॉनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) सात महिने वापरून झालं. मॉडेल (डेटाची रचना), व्ह्यू (पानामागचा कोड), टेम्प्लेट (पानाचा साचा) पंधरा दिवसांत हाताला बसतात. मायग्रेशनला, म्हणजे डेटाबेसची रचना बदलायच्या सोयीला, पूर्ण मार्क. छळतं ते नोंदी भरायचं तयार पान, म्हणजे अ‍ॅडमिन.

ऐन एप्रिलात ऑर्डरचं पान उघडायला पंधरा सेकंद! जँगोच मंद, असं वाटलं. एक जीबीचा सर्व्हर बदलून मोठा घ्यायचा मोह होतो. घेऊ नका, दरमहा पैसे जातील आणि पान तसंच रखडेल. आधी डीबग टूलबार (पानामागे काय चालतं ते दाखवणारं साधन) लावून क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, मोजा.

ऑर्डरखाली, त्याच पानावर, पेट्यांच्या इनलाइन ओळी, प्रत्येक ओळीत बागायतदाराची फॉरेन की (त्याच्या नोंदीकडे बोट दाखवणारा रकाना). बागायतदार ४००. भरलेल्या पाच ओळी, जँगो आपणहून देतं त्या तीन रिकाम्या, आणि नवी ओळ जोडण्यासाठी लपवलेली एक. झाले नऊ ड्रॉपडाउन. प्रत्येक ड्रॉपडाउन डेटाबेसकडे स्वतंत्र जातो आणि चारशेच्या चारशे नावं पानात ओततो. गुहागरच्या सड्यावर, एका काडीच्या रेंजमध्ये, ३६०० नावं. त्यात नावापुढे गाव दिसावं म्हणून डंडर स्ट्रमध्ये (नोंदीचं नाव ठरवणाऱ्या __str__ फंक्शनमध्ये) गाव घातलं असेल, तर दर नावामागे आणखी एक क्वेरी. खरा घोळ इथे आहे.

उपाय चार ओळींचा. इनलाइनमध्ये एक्स्ट्रा (रिकाम्या ओळींची संख्या) शून्य करा, ऑटोकम्प्लीट फील्ड्समध्ये (टाइप करून शोधायच्या रकान्यांच्या यादीत) बागायतदार लिहा. बागायतदाराच्या अ‍ॅडमिनला सर्च फील्ड्स (ज्यांत शोधायचं ते रकाने) द्यावेच लागतात, नाहीतर जँगोचा चेक (सुरुवातीची तपासणी) एरर देऊन अडवतो. आता अक्षरं टाइप केली की वीस-वीस नावं येतात. गावासाठी सिलेक्ट रिलेटेड (जोडलेली नोंद त्याच क्वेरीत आणणारी सोय) त्याच अ‍ॅडमिनच्या गेट क्वेरीसेटमध्ये (नोंदी आणणाऱ्या फंक्शनमध्ये) घाला. लिस्ट सिलेक्ट रिलेटेड नावाचं सेटिंग फक्त यादीच्या पानापुरतं.

जँगो मंद, हे मत इथे मागे घ्यावं लागलं. यातलं बहुतेक डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, पण कुठल्या शब्दाने शोधायचं ते चटका बसल्यावरच कळतं. चारशे नावं निमूट ओतणारा ड्रॉपडाउन मूळ सेटिंग म्हणून ठेवणं मात्र अजूनही पटत नाही.

वेळेचंही सांभाळा. टाइमझोन एशिया कोलकाता असला तरी डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीच (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) असते. टेम्प्लेट ती बदलून दाखवतो, सीएसव्ही फाइल काढणारा आपला कोड नाही. लोकलटाइम (वेळ स्थानिक करणारं फंक्शन) लावलं नाही, तर रात्री बारा ते साडेपाचमधली नोंद आदल्या तारखेला पडते, आणि पहाटे चारला वाशीच्या गाडीत चढवलेल्या पेट्या कागदावर कालच गेलेल्या असतात.