फोंड्यातला विश्वाच्या जन्माचा रविवारचा कोर्स: पैसे वसूल, चौथा रविवार सोडून

आधीच सांगते, मी बी.कॉम. आहे, पतसंस्थेत कॅशला बसते, फिजिक्सशी माझा संबंध दहावीला संपला. भाची अकरावी सायन्सला, तिला हा कोर्स करायचा होता आणि भर पावसात डिचोलीहून फोंड्याला तिला एकटीला बसने पाठवायला ताई काही तयार होईना, म्हणून सोबतीला मी, आणि बाहेर बसून तरी अडीच तास काय करणार म्हणून माझेही 1200 भरून टाकले. चार रविवार, दहा ते साडेबारा, तिस्काजवळ एका बिल्डिंगमध्ये वरचा हॉल. शिकवणारे सर कॉलेजातून रिटायर झालेले, बोलतात मराठीत, मध्येच कोंकणी, आणि चिडले की पूर्ण कोंकणी.

पहिल्याच दिवशी सर एक जुना डबा टीव्ही काखेत मारून आले, अँटेनावाला. लावला तर नुसत्या मुंग्या आणि खरखर. आम्हाला वाटलं बिघडलाय. सर म्हणाले बघा नीट, यातली शंभरातली एखादी मुंगी विश्वाच्या जन्मानंतर 3 लाख 80 हजार वर्षांनी निघालेल्या प्रकाशाची आहे, 1380 कोटी वर्षं प्रवास करून ती आज फोंड्यात पोचलीय. हॉलमध्ये एकदम शांतता. आणि तेवढ्यात करंट गेला. इन्व्हर्टर नाही, पंखे बंद, खिडकी उघडली तर पाऊस आत. पण सर थांबले नाहीत, अंधारातच पेन्झियास आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांची गोष्ट सांगितली. 1964 साली न्यू जर्सीत त्यांच्या भल्यामोठ्या शिंगासारख्या अँटेनात हीच खरखर येत होती आणि जाता जात नव्हती, आत कबुतरांनी घर केलेलं म्हणून सगळी घाण खरवडून काढली, कबुतरं पकडून दूर पाठवली तर ती परत आली, आणि एवढं करून खरखर आहे तशीच. ती निघाली उणे 270 डिग्रीची विश्वाची ऊब. 1978 ला नोबेल. कबुतरांच्या घाणीवर एवढा वेळ घालवल्याबद्दल मागच्या रांगेतले एक काका कुरकुरले, मला तर तोच भाग सगळ्यात आवडला.

दुसरा रविवार इन्फ्लेशनचा. कॅशवाल्या बाईला इन्फ्लेशन म्हटलं की नारळाचे भाव आठवतात, पण हे वेगळं. आधी अडचण काय होती ते सरांनी जे समजावलं ते मी आता जन्मात विसरणार नाही. म्हणे समजा गोव्याच्या या टोकाला पेडण्यात एक घर आणि त्या टोकाला काणकोणात एक घर, दोघांची ओळख नाही, कधी फोन नाही, निरोप नाही, आणि दोघांनी केलेल्या खतखत्यात, म्हणजे आमच्या मिसळीच्या भाजीत, मीठ अगदी सारखं, फरक असलाच तर लाखात एक भाग. योगायोग म्हणाल का? आकाशाच्या या टोकाची ऊब आणि त्या टोकाची ऊब अशीच सारखी आहे, आणि दोन्हीकडचा प्रकाश आपल्याकडे आत्ता कुठे पोचतोय, म्हणजे त्या टोकांची आपसात गाठ पडलेली असणं साध्या हिशोबात बसतच नाही. तो लाखात एकचा फरकसुद्धा मोजलेला आहे, कोबे नावाच्या उपग्रहाने, 1992 साली जाहीर झाला.

मग गुथ, भौतिकशास्त्रज्ञ. अॅलन गुथ, वय 32, पक्की नोकरी नाही, डिसेंबर 1979 च्या एका रात्री कॅलिफोर्नियात बसून गणित करतोय, आणि करतोय ते भलत्याच प्रश्नासाठी, एकटा चुंबकीय ध्रुव, म्हणजे दक्षिणेशिवाय नुसता उत्तर, कुठे सापडत का नाही यासाठी. त्यातून निघालं की सुरुवातीला विश्व क्षणभर भयानक वेगाने फुगलं असलं पाहिजे. म्हणजे दोन्ही घरं मुळात एकाच चुलीवरची, खतखतं एकाच टोपातलं, नंतर घरं लांब गेली. 1981 ला पेपर आला. किती फुगलं ते सरांनी आमच्याकडूनच करून घेतलं: 1 वर 26 शून्यं एवढ्या पट. तांदळाची एक मिलिमीटरची कणी घ्या आणि तेवढी फुगवा, येतात 1 कोटी प्रकाशवर्षं. मी कॅल्क्युलेटरवर केलं, पडद्यावर मावेना, शेवटी कॅशच्या सवयीने शून्यं कागदावर तीन-तीनचे गट करून मोजली. आणि हे सगळं एका सेकंदाचे 1 वर 32 शून्यं इतके तुकडे केले तर त्यातल्या एखाद्या तुकड्याएवढ्या वेळात.

फुग्याचं उदाहरण सरांना अजिबात आवडत नाही, फुगा म्हटलं की लोक आतली हवा शोधतात. त्यांनी शिंप्याकडचं इलॅस्टिक आणलेलं, त्यावर सेफ्टी पिना, एक टोक भाचीच्या हातात आणि एक माझ्या, आम्ही मागे सरकलो तर सगळ्याच पिना एकमेकींपासून लांब, मधली अशी कुठलीच नाही. फ्लॅटनेस प्रॉब्लेम, म्हणजे विश्व इतकं सपाट कसं हा प्रश्न, मात्र पंधरा मिनिटांत गुंडाळला, मला कळला नाही, भाचीला कळला म्हणते, मला शंका आहे.

तिसऱ्या रविवारसाठी मी चार स्टार देईन, पाचवा फक्त पंख्यामुळे कापला. त्या दिवशी सरांनी आपणच शिकवलेल्या गोष्टीची उलटतपासणी घेतली. 17 मार्च 2014 ला दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 दुर्बिणीवाल्यांनी जाहीर केलं की फुगण्याच्या वेळच्या गुरुत्वलहरींचा, म्हणजे अवकाशालाच उठणाऱ्या लाटांचा, ठसा मिळाला, जगभर पेढे वाटायचेच बाकी. पुढच्या वर्षी तीच ऊब मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या आकड्यांशी ताडून बघितलं तर त्यातला मोठा भाग निघाला आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा. धूळ! झाडलोट करणाऱ्या बाईला विचारलं असतं तर सांगितलं असतं. 2021 च्या मोजमापात तर तो ठसा, असलाच तर, आधी जाहीर केलेल्याच्या पाचव्या हिश्शाहून लहान असणार असं ठरलं आणि फुगण्याची काही अगदी सोपी गणितं बादच झाली. शिवाय 1982 साली ही थिअरी उभी करण्यात ज्याचा हात होता तो स्टाइनहार्टच पुढे उलटला, त्याचं म्हणणं की काहीही निघालं तरी जिच्यात बसवता येतं तिला तपासायचं कसं. सर म्हणाले प्लँकने मोजलेले उबेतले बारीक चढउतार या थिअरीच्या अंदाजाशी छान जुळतात, पण जुळणं म्हणजे सही-शिक्का नव्हे. पतसंस्थेत रोज हेच सांगून माझा घसा बसतो.

इथेच नारळीकरांचा विषय निघाला. कोल्हापूरचा जन्म, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, आणि बिग बँगला शेवटपर्यंत मान डोलावली नाही, 1993 मध्ये हॉयल आणि बर्बिज यांच्याबरोबर वेगळा सिद्धांतच मांडला. सरांना तो पटत नाही, स्पष्ट बोलले, पण 2025 च्या मे मध्ये नारळीकर गेले हे सांगताना सर मिनिटभर थांबले. आणि आपले दामोदर कोसंबी! गोव्यात जन्मलेले, आम्हाला फक्त इतिहासवाले म्हणून माहीत. त्यांनी 1943 साली गणितात एक रीत दिली, गबाळ्या आकड्यांतून थोडे मुख्य नमुने वेगळे काढायची, जगात ती दुसऱ्याच दोघांच्या नावाने चालते, आणि पुढे कोबेच्या आकड्यांवर तीच रीत वापरली गेली. टाळ्या पडल्या, कुरकुरणाऱ्या काकांनीही वाजवल्या.

आता चौथा रविवार. ठरलेलं होतं गुरुत्वलहरी आणि विश्वाचा वेग. सरांना मिळाला जेमतेम तास. त्यात लायगो या अमेरिकेतल्या यंत्राने 14 सप्टेंबर 2015 ला गुरुत्वलहर पकडली ते, 4 किलोमीटरच्या नळीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढी हालचाल कशी मोजतात ते, हिंगोली जिल्ह्यात आपलं लायगो होणार ते, आणि विश्व पसरण्याचा वेग (दर 33 लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला किती किलोमीटर) एका रीतीने 67 तर दुसरीने 73 का येतो ते, सगळं धावत. कारण उरलेला वेळ आयोजकांनी एका पाहुण्यांना दिलेला, 'क्वांटम मनःशक्ती'. आपण बघतो म्हणून वास्तव घडतं, म्हणून सकाळी उठून श्रीमंतीकडे बघा. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत बघणं म्हणजे मोजणं, त्याला डोळे लागत नाहीत, हे सरांनी दुसऱ्याच रविवारी सांगितलेलं. सर मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसलेले. भाचीने हात वर केला, "मग मी रिझल्टकडे नुसतं बघू का?" पाहुणे म्हणाले श्रद्धा पाहिजे. बाहेर येऊन ती म्हणाली, "मावशी, चल, बस चुकेल." मला वाटतं ती मनापासून चिडली होती.

बाकी किरकोळ. चहा फीमध्येच, बरा होता, भजी दुसऱ्या रविवारनंतर बंद. नोट्स झेरॉक्स, शेवटचं पान सगळ्यांचंच कोरं. खिडकीजवळ बसू नका. दहावीचं गणित पुरतं, पण शून्यं मोजायला कागद न्या.

पुढची बॅच चवथीनंतर आहे म्हणे. मी आयोजकांना मेसेज टाकलाय, एक तर चौथ्या रविवारचे 300 परत द्या नाहीतर सरांचे राहिलेले दीड तास द्या. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.