होमलॅबसाठी काय घ्यावं: जुना रॅक सर्व्हर, मिनी पीसी की रास्पबेरी पाय?

होमलॅबचं, म्हणजे घरीच सर्व्हर चालवून शिकायचं, वेड लागलं की पहिला मोह रॅक सर्व्हरचा, म्हणजे कंपन्यांच्या रॅकमध्ये आडव्या बसणाऱ्या यंत्राचा होतो. कंपन्यांनी काढून टाकलेली यंत्रं भंगाराच्या भावात मिळतात आणि आकडे वाचूनच माणूस घायाळ होतो. डेलचा आर७२० घ्या. २०१२चं मॉडेल, इंटेलचे दोन झिऑन (सर्व्हरसाठीचे) प्रोसेसर, रॅमचे २४ स्लॉट, दोन पॉवर सप्लाय. एवढं लोखंड एवढ्याशा पैशांत! माझ्याकडेही असाच एक आला. सध्या तो बंद आहे आणि त्याच्या पाठीवर एक मिनी पीसी चोवीस तास चालतोय. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते सांगून टाकलंच म्हणा.

खरेदीची किंमत एकदाच मोजायची असते, वीज रोज. हिशोब सोपा आहे: १ वॉट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट. दोन प्रोसेसरचा जुना सर्व्हर काहीही न करता, नुसता बसून, १०० वॉटच्या आसपास खातो. म्हणजे वर्षाला ८७६ युनिट. ऑफिसातून निघालेला वीतभर मिनी पीसी (ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी त्या जातीचा) रिकामा असताना १० वॉटच्या आगेमागे राहतो: ८८ युनिट. रास्पबेरी पाय ५ (एका छोट्या बोर्डावरचा अख्खा संगणक) साधारण ३ वॉट, म्हणजे २६. आपल्या बिलावरचा दर घेऊन गुणाकार करा. मात्र एक गोष्ट नीट बघा. सर्व्हरवरून मिनी पीसीवर आलात तर जवळजवळ आठशे युनिट वाचतात, तिथून पायवर गेलात तर साठेक. ‘वीज वाचते’ म्हणून पाय घेणाऱ्यांनी हा दुसरा फरक बघावा, पहिला नाही.

आवाजाचं तर विचारूच नका. बटण दाबलं की पहिले काही सेकंद पंखे पूर्ण वेगाने फिरतात, गिरणी सुरू झाल्यासारखे. मग शांत होतात, पण ते ‘शांत’ सर्व्हर रूमच्या मापाने. १यू (रॅकमधल्या एका कप्प्याच्या उंचीच्या) यंत्रात पंखे जेमतेम ४० मिलिमीटरचे, त्यामुळे तेवढीच हवा ढकलायला त्यांना फार वेगाने फिरावं लागतं आणि आवाज कर्कश होतो. २यू त्यातल्या त्यात बरं. वर डेलच्या त्या पिढीत दुसऱ्या कंपनीचं पीसीआय कार्ड लावलं की यंत्र घाबरून पंखे वाढवतं. आयपीएमआय टूलने (सर्व्हरचं हार्डवेअर सांभाळायच्या प्रोग्रॅमने) कमांड देऊन ते खाली आणता येतात, पण मग तापमानावर लक्ष तुम्ही ठेवायचं. दार लावता येईल अशी वेगळी खोली नसेल तर हा पर्याय इथेच सोडा.

मग रॅक सर्व्हर घ्यावाच कोणी? ज्याला सर्व्हरच शिकायचाय त्याने. आयड्रॅकमधून (डेल सर्व्हरमधली लांबून ताबा देणारी सोय) बंद यंत्र लांबून चालू करणं, बायोसचा (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगचा) पडदा ब्राउझरमध्ये बघणं, रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र जोडणारं) आयटी मोडमध्ये, म्हणजे डिस्क थेट सिस्टीमला दाखवणाऱ्या मोडमध्ये, फ्लॅश करणं, चालू यंत्रातली डिस्क ओढून दुसरी सरकवणं, हे हाताने केल्याशिवाय येत नाही. ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी) रॅम भरपूर आणि स्वस्तात मिळते, डिस्कचे कप्पेही हवे तेवढे. झेडएफएसवर (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल सिस्टीम) मोठी साठवण करायची असेल तर हे वजनदार मुद्दे आहेत. एरवी सराव करताना चालू आणि झाला की बंद, असा वापर ठेवलात तर विजेचा मुद्दाही बराच गळतो.

मिनी पीसीत उलटं. प्रॉक्समॉक्स (एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवणारी सिस्टीम) टाका, पाच-सहा कंटेनर (एकमेकांपासून वेगळे ठेवलेले प्रोग्रॅम) आणि दोन-तीन व्हर्च्युअल मशीन आरामात चालतात. जेलीफिनवर (घरच्या सिनेमांचा सर्व्हर) सिनेमे बघणार असाल तर इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक व्हिडिओचं रूपांतर सहज करतं. तेच काम आर७२०च्या झिऑनमध्ये ग्राफिक्सच नसल्याने सगळं प्रोसेसरच्या मानेवर बसतं, आणि पाय ५मध्ये तर व्हिडिओ एन्कोडर काढूनच टाकलाय. मर्यादा आहेतच: बहुधा एकच नेटवर्क पोर्ट, डिस्कला एक-दोन जागा. यूएसबीने जोडायचा बाहेरचा डिस्कचा डबा लावून त्यावर झेडएफएस पूल (डिस्कचा एकत्र साठा) करायच्या फंदात पडू नका. डबा क्षणभर सुटला तरी पूल कुरकुरतो. एन१०० प्रोसेसरवाला नवा मिनी पीसी घेत असाल तर इंटेल त्यासाठी अधिकृतपणे १६ जीबीच रॅम सांगतं, हे आधी माहीत असू द्या. जुन्या ऑफिसवाल्यात बहुतेक वेळा रॅमचे दोन स्लॉट मिळतात, म्हणून मी तोच घेईन.

पायबद्दल थोडक्यात. मुख्य यंत्र म्हणून नको. पायची किंमत एकट्या बोर्डाची असते; चांगला पॉवर सप्लाय, डबी, एनव्हीएमई हॅट (एसएसडी जोडायचं छोटं कार्ड) आणि एसएसडी जोडेपर्यंत जुना मिनी पीसी आलेला असतो. एसडी कार्डावर चालवलात तर एक दिवस लॉगिन होतं, पण काही लिहायला गेलं की ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’ असं उत्तर येतं. कार्ड संपलं.

दुय्यम यंत्र म्हणून मात्र पाय झकास. पाय-होल, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा (डीएनएस) आणि जाहिराती अडवणारा प्रोग्रॅम, त्याच्यावर ठेवा. मी सुरुवातीला डीएनएसही मुख्य यंत्रावरच ठेवला होता; कर्नल अपडेटनंतर रीबूट केलं आणि घरभर ‘नेट गेलं, नेट गेलं’ सुरू झालं. प्रयोगाचं यंत्र आणि घराचं नेट एकात एक अडकवू नये, हे मला तेव्हा कळलं. पुढे प्रॉक्समॉक्सचे दोन नोड (एकमेकांना जोडलेली यंत्रं) झाले तर कोरमसाठी (बहुमतासाठी) लागणारं तिसरं मत द्यायलाही हाच पाय पुरतो.

मिनी पीसी आणलाच, तर ऑपरेटिंग सिस्टीम टाकायच्या आधी बायोसमध्ये जा आणि वीज परत आल्यावर यंत्राने आपोआप चालू व्हावं ही सेटिंग लावा. बऱ्याच ऑफिस मॉडेलांत ती बंद असते. मग तुम्ही बाहेरगावी, वीज येऊन तास झालेला, आणि घरी कुणाला तरी फोनवर सांगत बसायचं: ‘त्या काळ्या डब्याचं बटण दाब. नाही, तो राउटर आहे.’