ग्रुप थेरपी: सर गेले, मॅडम आल्या, ग्रुपच बदलला

ग्रुप थेरपीला, म्हणजे तज्ज्ञासोबत काही जण एकत्र बसून आपापल्या अडचणी बोलतात त्या ग्रुपला, जायला लागून बरेच महिने झाले. मध्यंतरी आमच्या केंद्राने फी वाढवली आणि त्याच सुमारास ग्रुप घेणारे सर जाऊन मॅडम आल्या, म्हणून हे लिहितोय. ग्रुप कसा चालतो, गोपनीयतेचे नियम काय, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणार. मी बोलणार आहे ते एकाच गोष्टीवर: कुणी बोलून थांबलं की ग्रुप घेणारा लगेच काय करतो.

सर ताबडतोब उत्तर द्यायचे. उत्तर चांगलंच असायचं. पण त्यामुळे प्रत्येक जण सरांशीच बोलायचा. शेजारची बाई रडत असली तरी आमच्या माना सरांकडे. पाळीपाळीने सल्लाच घ्यायचा, तर माणूस एकटा जाऊन पूर्ण तास घेईल ना!

मॅडम गप्प बसायच्या. सुरुवातीला माझा संताप व्हायचा. वाढीव फी काय शांततेसाठी भरायची? मग लक्षात आलं, त्या बोलणाऱ्यावरून नजर काढून बाकीच्यांकडे बघतात. एकदा एक काका म्हणाले, मुलगा फोन करत नाही. मॅडमनी एवढंच विचारलं, "हे ऐकून इथे कुणाला काय वाटलं?" ग्रुपमधला सगळ्यात अबोल मुलगा म्हणाला, "मीही बाबांना करत नाही. केला की चुकाच काढतात." काका खुर्ची वळवून त्याच्याशी बोलू लागले. मॅडम मध्ये एकदाच बोलल्या, "काका, हे याला सांगताय की मुलाला?" त्या दिवशी फी वसूल झाली.

मात्र गप्प बसण्यालाही मर्यादा हवी. उशिरा येणाऱ्या एका बाईंवर तिघं तुटून पडले, तेव्हा मॅडमनी अडवायलाच हवं होतं. लीबरमन, यालोम आणि माइल्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या गटांवर केलेला अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यात हेच दिसतं: ग्रुप घेणाऱ्याची आस्था आणि घडलेल्याचा अर्थ उलगडून देणं जितकं जास्त तितकं बरं, भावना ढवळणं आणि सूत्रं हातात ठेवणं मात्र बेताचंच हवं, फार नको आणि फार कमीही नको.

हे मी ग्रुपमध्येच बोललो. मॅडमनी ऐकून घेतलं, आणि आता कुणाला कोंडीत पकडलं की त्या लगेच थांबवतात. म्हणून मी वाढीव फी भरून चालू ठेवलंय. त्या बाई मात्र परत आल्या नाहीत. त्यांनी आगाऊ भरलेली फी परत करा, असं आम्ही केंद्राला लेखी कळवलंय.