प्रोटॉन मॅग्नेटोमीटर: अख्खा फील्ड सीझन वापरल्यानंतर

पावसाळा सरल्यापासून मे अखेरपर्यंत भंडारा-गोंदिया पट्ट्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाच्या शोधासाठी हे यंत्र वापरलं. भरवशाचं आहे. पण एकच घेणार असाल तर घेऊ नका, जोडी घ्या.

सेन्सर म्हणजे काठीच्या टोकावरची बाटली. आत केरोसीनसारखा हायड्रोजनयुक्त द्रव, भोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून वीज सोडली की द्रवातले प्रोटॉन एका दिशेला वळतात आणि ती तोडली की भोवऱ्यासारखे डोलतात. आपल्याकडे सेकंदाला साधारण 1,900 वेळा. त्यावरून त्या जागच्या चुंबकीय क्षेत्राची ताकद निघते, आणि उन्हातान्हात यंत्र गरम झालं तरी आकडा सरकत नाही. हे मला फार आवडलं.

सरकतं ते पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच. 45,000 गॅमांच्या (नॅनोटेस्लांच्या) आसपासचा आकडा सकाळ ते दुपार 30-40 गॅमांनी सहज हलतो, आणि मातीखाली दडलेल्या खनिजाचा इशाराही कधीकधी तेवढाच असतो. म्हणून एक यंत्र बेसवर, म्हणजे एका ठरलेल्या जागी, दिवसभर रीडिंग घेत ठेवायचं, दुसरं घेऊन ट्रॅव्हर्स (आखलेल्या मोजणीच्या रेषा) चालायचे आणि संध्याकाळी बेसचा चढउतार वजा करायचा. 11 मे 2024 ला, सौर वादळात, बेसचा आलेख शेकडो गॅमांनी कोसळला. तो समोर होता म्हणूनच त्या दिवशी काम थांबवलं.

बेस गावापासून, डीपीपासून लांब हवा, वीज आणि लोखंड रीडिंग बिघडवतात. मुंबईतल्या ट्राम विजेवर जाणार म्हणून 1904 मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली, ते याच कारणाने. सेन्सर धरणाऱ्याकडे हातोडी, मोबाईल, लोखंडी बकल काहीही नको. बोअरची लोखंडी केसिंग आणि धुऱ्यावरचं तारेचं कुंपण वहीत टिपून ठेवा, नाहीतर नकाशावर तेच खनिज वाटतं.

एक खरी कटकट आहे. उघड्या मॅग्नेटाइटवर क्षेत्र पावलापावलाला इतकं बदलतं की सिग्नल विरतो आणि रीडिंग उड्या मारतं. काठी उंच केली की बरंच सुधारतं, पण वेळ जातो.

नकाशा वाचताना सर्वांत जास्त जपा. विदर्भात चुंबकीय क्षेत्र जमिनीशी जेमतेम 30 अंशांच्या आसपास कललेलं आहे. त्यामुळे खनिजाच्या दक्षिणेला आकड्यांचा उंचवटा आणि उत्तरेला खळगा दिसतो. खनिज असतं दोघांच्या मधे. थेट उंचवट्यावर बोअर टाकाल तर पैसे मातीत जातील. खडकात जुनं, वेगळ्या दिशेचं चुंबकत्व असेल तर हा हिशोबही बदलतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तर कित्येक थर आजच्या उलट दिशेने चुंबकित आहेत, तिथे अनुभवी माणूस सोबत हवाच.

सुरजागडसारखं हेमॅटाइट (दुसरं लोहखनिज) किंवा मनसरसारखं मँगनीज शोधायचं असेल तर एकट्या याच्यावर विसंबू नका. त्यांचं चुंबकत्व मॅग्नेटाइटच्या मानाने फारच क्षीण असतं, जोडीला गुरुत्व सर्वेक्षण (गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांची मोजणी) करा.