दोन पावसाळे विंच वापरल्यावर: दोरीला पाच स्टार, बसवणाऱ्याला एक

आधीच सांगतो, विंचच्या कंपनीचं नाव घेणार नाहीये आणि ज्या दुकानात बसवली त्याचं तर अजिबातच नाही, कारण नाव घेतलं की खाली फक्त "हीच घे, ती नको" एवढीच मारामारी होते. वस्तू आहे 9500 पाउंडाची, म्हणजे साधारण 4300 किलो ओढायची ताकद असलेली 12 व्होल्टची इलेक्ट्रिक विंच (गाडीच्या पुढं बसवायचं, मोटरनं ड्रमवर दोरी गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र), सिंथेटिक रोपवाली, म्हणजे कृत्रिम धाग्यांच्या दोरीची. गाडी नवी थार डिझेल, मॅन्युअल. सगळं मिळून बसवणावळीसकट 58 हजार गेले. बायकोचा पहिला प्रश्न, "गाडी आधी मुद्दाम रुतवायची आणि मग काढायला एवढे पैसे घालायचे?" याचं उत्तर माझ्याकडं तेव्हाही नव्हतं, आजही नाहीये.

घेतली का तर वेल्ह्याकडं एकदा संध्याकाळी सहा वाजता एकटी गाडी रुतली, ट्रॅक्टर यायला रात्रीचे साडेनऊ झाले आणि त्या ट्रॅक्टरवाल्यानं लोखंडी साखळी बांधून असा काय झटका दिला की पुढचा हूकच वाकला. त्या झटक्याचा आवाज अजून कानात आहे, तेव्हाच ठरवलं की झटका नको, सावकाश ओढणारं काहीतरी पाहिजे.

9500 च का, तर हिशेब साधा आहे, गाडी भरल्यावर जेवढं वजन होतं त्याच्या किमान दीडपट ताकदीची विंच घ्यायची. थार रिकामी पावणेदोन टनाच्या आसपास, त्यात आम्ही चौघं, सामान, जॅक, पाणी धरून सव्वादोन धरा, त्याची दीडपट सव्वातीनच्या वर जाते. आणि चिखलात रुतलेली गाडी नुसत्या वजनाएवढी नसते, चिखल खालून चोखून धरतो, अॅक्सलपर्यंत बसली असेल तर वजनापेक्षा किती तरी जास्त ओढावं लागतं. पण डब्यावर छापलेला 9500 हा आकडा खरा फक्त ड्रमवरच्या पहिल्या थराला, म्हणजे जवळपास सगळी दोरी बाहेर सोडलेली असताना. वरच्या वरच्या थरावर प्रत्येक थराला दहा-पंधरा टक्के ताकद गळते, चौथ्या थरावर जेमतेम दोन-तृतीयांश उरते. म्हणून दोरी बांधायला झाड अगदी जवळ असलं तरी मी आता लांबचंच झाड बघतो. पण सगळीच दोरी सोडायची नाही, सिंथेटिकचे आठ-दहा वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत, कारण खरा भार त्या वेढ्यांच्या घर्षणावर असतो, दोरीचं टोक ड्रमला जिथं अडकवलंय ते काही धरून ठेवणारं नाही.

स्टीलची दोरी का नाही घेतली ते बरेच जण विचारतात. स्टील दगडावर घासलं तरी चालतं, उन्हाचं काही होत नाही, स्वस्तही आहे. पण ती ताणली की स्प्रिंगसारखी ताकद साठवते आणि तुटली तर कापत जाते, शिवाय एक-एक तार सुटून हातात घुसते ते वेगळंच. सिंथेटिक हलकी, पाण्यावर तरंगते, तुटली तरी तेवढी उसळत नाही. तेवढी उसळत नाही म्हणजे उसळतच नाही असं नाही, आणि तिच्या टोकाला शॅकल (पिन घालून बंद करायची लोखंडी कडी) असेल तर ते शॅकल गोफणीतल्या दगडासारखं येतं हे डोक्यात ठेवा. शत्रू तीन, ऊन, धार आणि उष्णता. या विंचचा ब्रेक ड्रमच्या आत आहे, भार असताना दोरी मोटरनं बाहेर सोडत राहिलं की ड्रम एवढा तापतो की खालचे वेढे वितळू शकतात, म्हणून उतारावर गाडी विंचनं खाली सोडायचे उद्योग मी करत नाही.

आता बसवणावळ. इथं माझं रक्त उकळतं. दुकानदार गोड बोलणारा, चहा पाजला, दोन तासांत गाडी हातात दिली. घरी येऊन बघतो तर वायर बघूनच हसू आलं. ही विंच पूर्ण भाराला चारशेच्या आसपास अँपिअर खाते, नुसती रिकामी फिरली तरी सत्तर-ऐंशी, आणि यानं विंचसोबत आलेली जाड वायर पुरत नाही म्हणून मध्ये बारकी वायर जोडून वर काळी टेप गुंडाळलेली. आयसोलेटर स्विच, म्हणजे बॅटरीकडून विंचला जाणारा करंटच तोडणारा स्विच, विचारला तर, "काय गरज नाय साहेब, रिमोट काढला की बंद." आणि नवी दोरी ड्रमवर तशीच सैल गुंडाळून दिलेली. सैल दोरी असली की भार आल्यावर वरचा वेढा खालच्या थरांत घुसून बसतो आणि मग बाहेर येत नाही. पहिल्याच वापराला माझं तेच झालं, पाऊण तास स्क्रू ड्रायव्हरनं उकरत बसलो. नवी दोरी घेतली की पूर्ण सोडायची, सपाट रस्त्यावर दुसरं टोक कशाला तरी बांधायचं, आणि गाडी न्यूट्रलला, कोणीतरी ब्रेक हलका दाबून, असा थोडा ताण ठेवत वेढ्याला वेढा लागून गुंडाळायची. दहा मिनिटांचं काम, पण दुकानात कोणी करत नाही.

शेवटी नाना पेठेत जाऊन स्वतः वायर आणि आयसोलेटर घेतला, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीजवळ बसवून घेतला. सगळे मिळून अडीच हजार. आणि या अख्ख्या 58 हजारांत जर कशानं माझी बोटं वाचवली असतील तर त्या स्विचनं.

झालं असं की गेल्या जूनमध्ये वीर धरणाच्या फुगवट्याच्या कडेला मित्राची जिप्सी गाळात गेली. वरून वाळलेलं, भेगा पडलेलं, आत लोणी. जिप्सी म्हणजे टनभराची गाडी, म्हणलं आत्ता काढतो. विंच सुरू केली तर जिप्सी जागची हलेना आणि माझीच थार हँडब्रेक लावून ओल्या गवतावरून फूटभर पुढं सरकली. मग चाकांपुढं दगड लावले, मागून बाभळीला पट्टा टाकून थार बांधली, गाडी न्यूट्रलला, पाय ब्रेकवर. (गिअरमध्ये ठेवून विंच मारू नका, सगळा भार गिअरबॉक्सवर जातो.) दोरी तुटलीच तर उसळू नये म्हणून तिच्या मध्यावर भिजवलेलं गोणपाट टाकलं.

शेरडं घेऊन एक म्हातारे बाबा आले होते, बाकी पोरं मोबाईल काढून अगदी दोरीजवळ उभी, बाबा मात्र आपणहून लांब, बाजूला, बांधावर जाऊन बसले. पोरांवर ओरडले, "ए, नाड्याच्या रेषंत उभं नगा ऱ्हाऊ रं!" नंतर बोलताना कळलं, लहानपणी त्यांनी मोट हाकलीये, मोटेचा नाडा तुटताना बघितलाय. मी तीन व्हिडिओ बघून जे शिकलो ते या माणसाला सत्तर वर्षांपूर्वीपासून माहीत. जेवढी दोरी बाहेर आहे त्याच्या दीडपट अंतरावर माणसं पाहिजेत, आणि ताणलेली दोरी कोणी ओलांडायची नाही, कितीही घाई असली तरी. हाताच्या खुणा करणारा एकच माणूस. दहा जण "घे घे घे" ओरडायला लागले की ऑपरेटरला काहीच कळत नाही.

जिप्सी निघाली, मिनिटभर ओढ, थांब, मोटर आणि बॅटरीला दम खाऊ दे, परत ओढ, असं करत वीस मिनिटं लागली. इंजिन चालूच ठेवायचं, तरी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) चारशे अँपिअर देऊच शकत नाही, उरलेलं सगळं बॅटरीतून जातं, म्हणून ही विश्रांती.

खरी मजा नंतर. सगळे खुश, फोटो चालू, मी एका हातात रिमोट आणि एका हातानं दोरी सरळ करत आत घेतोय. शेवटचा मीटरभर राहिला, मी बटण सोडलं आणि ड्रम थांबलाच नाही. कॉन्टॅक्टर, म्हणजे बटण दाबलं की मोटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच, आतल्या आत चिकटला होता, पाणी गेलं असणार. हातात चामड्याचे ग्लोव्हज, आणि हूक मी थेट धरला नव्हता, त्याच्या लाल पट्टीला धरून होतो, पट्टी सोडली आणि हूक खाडकन फेअरलीडवर (दोरी ज्यातून ड्रमकडं जाते ती पुढची चौकट) जाऊन आदळला. मोटर तशीच घुरघुरत ओढतेय, वायरचा जळका वास. रिमोटची वायर उपटली तरी काही फरक नाही. मेव्हणा बॉनेटपाशीच होता, त्यानं आयसोलेटर फिरवला. शांत. "रिमोट काढला की बंद" म्हणणाऱ्या त्या दुकानदाराची मला त्या क्षणी फार आठवण आली. अॅल्युमिनियमच्या फेअरलीडला नखाएवढी खाच पडलीये, ती मी कानसून गुळगुळीत केली कारण तिथं दोरी कापली गेली असती. कॉन्टॅक्टर वॉरंटीत बदलून मिळाला, पाच आठवड्यांनी, सोळा फोननंतर. त्याचा एक स्टार कापलाय.

किटमध्ये जे फुकट आलं त्यातलं रिमोट सोडून सगळं मी बाजूला ठेवलंय. शॅकलवर भाराचा आकडाच कोरलेला नव्हता, असलं शॅकल वापरू नका. पाऊण इंचाचं, 4.75 टन कोरलेलं घ्या, पिन पूर्ण आवळून पाव आटा मागं घ्या नाहीतर भारानंतर ती सुटत नाही. झाडाला थेट दोरी गुंडाळून हूक त्याच दोरीत अडकवणारे महाभाग मी डोळ्यांनी बघितलेत, झाडाची सालही जाते आणि दोरीही. रुंद पट्टा घ्या, बुंध्याला जितका खाली बसेल तितका खाली, आणि वाळकं झाड नको. स्नॅच ब्लॉक, म्हणजे दोरी फिरवून आणायची कप्पी, घेतलात तर ओढ दुप्पट, वेग निम्मा, पण झाडाला लावला तर त्या झाडावरही दुप्पट भार येतो हे कोणी सांगत नाही. टो बॉलला (ट्रेलर जोडायचा गाडीमागचा गोळा) तर कधीच काही अडकवू नका.

अजून एक, बंपर. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर (गाडीच्या पुढं लावतात ते लोखंडी दांडे) कारवाई करायला सांगितलं होतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार घेऊन, त्यामुळं ते दात काढलेले रानटी बंपर घेऊन शहरात फिरू नका. मी चॅसीला बोल्ट केलेली, मूळ बंपरच्या मागं बसणारी प्लेट घेतली. तोटा म्हणजे विंचच्या क्लचच्या लिव्हरपर्यंत (ड्रम मोकळा करून दोरी हातानं सोडायची ती) हात घालताना मनगट सोलून निघतं, आणि पुढं तीसेक किलो वाढल्यामुळं नाक जरा खाली बसलंय.

देखभाल म्हणाल तर प्रत्येक चिखलानंतर दोरी पूर्ण सोडून धुवावी लागते, बारीक वाळू आत शिरली की आतून धागे कापत राहते. आमच्याकडं ती बादलीत भिजत पडते आणि मग गॅलरीत सावलीत वाळते, 26 मीटर, साड्यांच्या बाजूला. समोरच्या काकूंनी विचारलं, "काय हो, पतंगाचा मांजा का?"

तर विंचला साडेतीन, दोरीला पाच, वॉरंटीला दोन, बसवणाऱ्याला एक, तो पण चहाचा.