नुकतंच झालेलं पासिंग दाखवून टेम्पो गळ्यात मारला, २,३५,००० दिले आणि वर ९०,६५० गेले

महिनाभर लिहू का नको चाललं होतं. चौदा वर्षं दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हरकी केलेल्या माणसाला गाडी घेतानाच बनवलं हे चारचौघात सांगायची लाज वाटते. पण परवा मार्केटयार्डात एक पोरगा मला म्हणाला, दादा दहा वर्षं जुनी गाडी मिळतीये, पासिंग आत्ताच झालंय, वर्षभर बघायला नको, घेऊ का? माझ्या पोटात गोळाच आला. अगदी हेच वाक्य मला ऐकवलं होतं, वर्षभर बघायला नको.

माझी गाडी २०१४ चं मॉडेल, सीएनजी, छोटा टेम्पो, पिवळी पाटी म्हणजे धंद्याची गाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, दोष कंपनीचा नाहीच. पासिंग म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षं होईपर्यंत ती दोन वर्षांनी, आठ झाली की दरवर्षी, हे सगळ्यांना माहितीये. म्हणून जुनी गाडी घेताना आपण पहिल्यांदा पासिंगच बघतो ना? मी पण तेच बघितलं. सरकारी अॅपवर गाडीचा नंबर टाकून बघितलं, फिटनेस ११ मार्च २०२५ पर्यंत, हिरव्या अक्षरात. विकणारा म्हणाला १२ मार्चला केलंय भाऊ, इन्स्पेक्टरने हातात घेतली आणि लगेच पास केली, एक स्क्रू बदलायला सांगितला नाही.

२,३५,००० ठरले. माझे साठवलेले १,२०,०००, पतसंस्थेत बायकोचे दागिने ठेवून ८०,०००, मेव्हण्याकडून ३५,०००. रविवारी ३१ मार्च २०२४ ला १०,००० टोकन दिलं. डिलिव्हरी ९ एप्रिलला, पाडव्याला. पाडवा त्यानेच सुचवला, शुभ दिवस आहे, पहिली गाडी आहे तुमची, घरी गुढीपुढे उभी करा. बायकोला पण ते आवडलं. आदल्या दिवशी १,२५,००० खात्यावर टाकले आणि राहिलेले १,००,००० रोख, का तर पाडव्याला बँकेला सुट्टी, ट्रान्सफर अडकला तर गाडी देता येणार नाही म्हणाला. रोख दिलेल्या लाखाची पावती नाही. शंभरच्या स्टॅम्पवरच्या सौदापावतीत किंमत लिहिली १,३५,०००, गाडी नावावर ट्रान्सफर करायला बरं पडतं म्हणाला, आणि खाली एक ओळ, गाडी आहे त्या स्थितीत पाहून पसंत केली. ही ओळ दिसली की पेन खाली ठेवा. मी सही केली.

आता जे रोज रात्री डोळ्यासमोर येतं ते सांगतो. ३१ तारखेला गाडी बघायला गेलो तेव्हा मी खाली वाकलो होतो. उगाच नाही सांगत, वाकलो होतो, मोबाईलची बॅटरी लावून बघितलं होतं. केबिनच्या मागे जिथे हौदा सुरू होतो तिथे चेसिसला काळा रंग दिलेला, ताजा, वास येत होता. बाकी चेसिस मातीने भरलेली आणि तेवढाच दोन वीत तुकडा काळाकुळकुळीत. मी अंगठा लावला तर अंगठ्याला रंग आला. विचारलं हे काय, तर म्हणाला पासिंगला सगळेच मारतात. आणि ते खरंय, सगळे मारतात, मी स्वतः मालकाच्या गाडीला दरवर्षी मारलाय. म्हणून गप्प बसलो. पेपरला अंगठा पुसला. पण अरे, पासिंग १२ मार्चला झालं होतं आणि मी बघत होतो ३१ मार्चला. एकोणीस दिवसांनी रंग अंगठ्याला लागतो का? पासिंगसाठी मारलेला रंग तोपर्यंत वाळून त्यावर धूळ बसली पाहिजे. तो रंग इन्स्पेक्टरसाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. एवढा साधा हिशोब मला तिथे उभं असताना सुचला नाही, सुचला अकरा महिन्यांनी.

दुसरं टायर. बघताना चारही टायर नवे, फोटो आहेत माझ्याकडे, मागच्या डाव्या टायरच्या कडेला निळ्या ऑइलपेंटचा ठिपका पण दिसतो. पाडव्याला गाडी मिळाली ती हार घातलेली, चाकांखाली लिंबं, सगळे पेढे खातायत, बायको ओवाळतीये. तेव्हा टायर कोण बघतं? चार दिवसांनी पंक्चर काढायला गेलो तर पंक्चरवाला म्हणाला यात काढायला काही राहिलं नाही, तार दिसतीये. घासलेले टायर घालून दिले होते. फोन केला तर म्हणे तुम्ही बघून घेतलीये. माझ्या मेकॅनिकने नंतर सांगितलं की पासिंगला टायर भाड्याने मिळतात, पासिंग झालं की परत, आणि तेच टायर गिऱ्हाईक यायच्या वेळी पुन्हा चढवतात. १३,६०० रुपये तिथे गेले. तरी मी मनाची समजूत घातली की चला, टायर तर टायर, इंजिन चांगलंय. इंजिन खरंच चांगलं होतं, ते मी ऐकून ओळखलं होतं, चौदा वर्षं फुकट नाही घालवली.

मग ई-चलान. ट्रान्सफरला गेलो तर ६,५०० थकलेले, सगळे माझ्या आधीचे. अॅपवर फिटनेस बघितला तसं चलान बघायला दोन मिनिटं लागली असती. बघा. टोकन द्यायच्या आधी बघा.

वर्षभर गाडी चालवली, भाजी, फर्निचर, मंडपाचं सामान. लोड टाकला की मागून कट कट आवाज यायचा, मला वाटलं पाट्याचा, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा आहे. ४ मार्च २०२५ ला पासिंगला नेली, आठवडा हातात ठेवून, मीच नेली, एजंट नाही. आणि इन्स्पेक्टर साहेबांनी खाली वाकून स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं त्याच काळ्या तुकड्यावर. लांबी निघाली. लांबी म्हणजे पुट्टी, भिंतीला भरतात तशी. आत चेसिसला क्रॅक, बोटभर लांब, त्यावर कधीतरी कच्चं वेल्डिंग केलेलं आणि ते पण उकललेलं. ओव्हरलोड करून करून गेलेली गाडी. साहेब म्हणाले या गाडीवर तुम्ही वर्षभर माल वाहिला? माणूस बसत होता शेजारी? माझा पोरगा बसायचा शेजारी, सुट्टीच्या दिवशी.

ब्रेक एका बाजूला ओढत होता, एका हेडलाईटचा फोकस वर, रेडियम फाटलेलं, ते सगळं ठीक, ते माझं काम होतं. पण सिलेंडर! सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, लागते. टाकीच्या प्लेटवर पण काळा रंग ओढलेला, तो पुसला तर शेवटची टेस्ट २०१७. म्हणजे २०२० ला मुदत संपली. मग २०२४ च्या मार्चमध्ये ही गाडी पास कशी झाली? एक सोडा, क्रॅक लपवला म्हणू, टायर भाड्याचे म्हणू, पण प्लेटवरची तारीख कुणी वाचली? आणि मी तरी का नाही वाचली? पंपावर सहसा कोणी विचारत नाही म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. खाली टाकी घेऊन वर्षभर फिरलो. टेस्टला दिली तर २,६०० घेऊन नापास केली, बरोबरच केलं.

खर्च लिहितो, कुणाला खोटं वाटायला नको. टायर १३,६००, टाकीची टेस्ट २,६००, नवी टाकी फिटिंगसह २३,५००, हौदा उतरवून चेसिसला पट्टी मारून वेल्डिंग आणि परत चढवणं ३१,०००, ब्रेक ९,८००, हेडलाईट वायरिंग २,८५०, रेडियम ८००. झाले ८४,१५०. चलान धरून ९०,६५०. २८ मार्चला पास झाली, तोवर २४ दिवस गाडी उभी, दिवसाला १,४०० धरले तर ३३,६०० बुडाले ते वेगळेच. पतसंस्थेचा हप्ता थांबला नाही.

आता कुणाकडे गेलो ते ऐका. जिथून मागचं पासिंग झालं त्या ऑफिसात गेलो. खिडकीवरचा म्हणाला त्या दिवशी गाडी ठीक होती म्हणून पास केली, नंतर तुम्ही काय केलं आम्हाला काय माहीत. म्हटलं साहेब २०१७ ची प्लेट मी लावली का? तर म्हणे लेखी द्या. लेखी दिलं. पोच मागितली तर आवक-जावकचा माणूस जेवायला गेलाय. तीन चकरा मारल्या पोचेसाठी, तिन्ही वेळा धंदा सोडून. मग माहिती अधिकार टाकला, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून, की १२ मार्च २०२४ च्या पासिंगचे कागद आणि गाडीचे फोटो द्या. तिसाव्या दिवशी उत्तर, माहिती त्रयस्थ व्यक्तीची असल्याने देता येत नाही. त्रयस्थ कोण? आरसीवर माझं नाव आहे! गाडी माझी, चेसिस माझी, क्रॅक माझा, आणि मीच त्रयस्थ? वीस रुपये भरून अपील केलंय, अजून तारीख नाही.

पोलीस स्टेशनला पहिल्या दिवशी सांगितलं सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब, त्यांनी आधी विचारलं रोख दिल्याचा पुरावा काय, मग फसवणुकीचं कलम जुनं ४२० लावायचं का नवीन ३१८ यावर अर्धा तास गेला, मीच सांगितलं की नवीन कायदा १ जुलै २०२४ पासून, व्यवहार त्याच्या आधीचा आहे, जुनंच लागेल, तर मला म्हणाले तू वकील आहेस का. साधी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, पण घेतली नाही. माणूस मेला असता चेसिस तुटून तर घेतली असती का? तेव्हा सुद्धा ड्रायव्हरवर घेतली असती, माझ्यावर. आणि विकणाऱ्याला त्याच पोलीस स्टेशनच्या दारात चहा पिताना मी माझ्या डोळ्याने बघितलंय.

एका ओळखीच्या वकिलाने मात्र नीट सांगितलं. ग्राहक आयोगात धंद्याची गाडी म्हणून उडवून लावतील असं वाटतं लोकांना, पण स्वतःच्या पोटासाठी स्वतः चालवत असाल तर २०१९ च्या कायद्यात तुम्ही ग्राहकच. पाच लाखांपर्यंत फी नाही. दोन वर्षांच्या आत टाकावं लागतं. समोरचा नेहमी गाड्या विकणारा आहे हे दाखवावं लागेल, म्हणून त्याच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट जमवतोय. तुम्ही पण गाडी बघायला जाल त्या दिवसापासून स्क्रीनशॉट ठेवा, नंबर प्लेटसकट, टायरसकट.

गाडी गॅरेजला न्यायला देत नसेल तर तिथून निघून या, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणाला तर जाऊ दे त्याच्याकडे. मला पण म्हणाला होता दुसरं गिऱ्हाईक आहे, वर्षभरात कुठलं गिऱ्हाईक दिसलं नाही. खाली स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा, नुसती बॅटरी नाही. एजंटचा नंबर विकणाराच देत असेल तर तो एजंट तुमचा नाही. आणि घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाड्या घेणाऱ्यांनो, तुम्हाला वाटत असेल आपल्याला कुठे दरवर्षी पासिंग, तर पंधरा वर्षांनंतर तुमची पण हीच गत आहे, १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नोंदणी रिन्युअलची फी ६०० ची ५,००० झालीये, आणि ‘आत्ताच पाच वर्षांचं पासिंग करून दिलंय’ हे सांगून पंधरा वर्षांवरच्या गाड्या विकणारे हेच लोक आहेत. त्या कागदावर सही झाली त्या दिवशी गाडीच्या अंगावर काय होतं आणि आज काय आहे, ते तुम्हीच खाली झोपून बघायचं.

काल रात्री स्क्रीनशॉट काढताना त्याची नवीन जाहिरात दिसली. दुसरा टेम्पो, पांढरा, २०१५ चं मॉडेल, पासिंग नुकतंच झालेलं, किंमत २,६०,०००. फोटो मोठा करून बघितला. मागच्या डाव्या टायरच्या कडेला निळ्या ऑइलपेंटचा ठिपका आहे.