स्पर्धक म्हणून विकत घेतला, निघाला मेहुण्याचा

1,74,300 रुपये बुडाले. एका कंपनीचे 1,200 शेअर 186.40 ने घेतले, आणि रोजचं लोअर सर्किट (भाव दिवसाच्या मर्यादेपर्यंत पडून घेणाराच न उरणं) एकदाचं सुटलं तेव्हा 41.15 ला काढावे लागले. टिपांचे ग्रुप आणि चढवलेले भाव तुम्हाला ठाऊक आहेत. मी टिपेवर गेलोच नव्हतो, ताळेबंद वाचून पैसे घातले होते. मला फसवलं ते एक्सचेंजवरच्या रीतसर घोषणेने: माझी कंपनी तिच्या प्रमुख स्पर्धकाला विकत घेणार. बाजारात एकच मोठा उत्पादक उरणार, भाव तोच ठरवणार, हा हिशेब कुणालाही पटला असता.

घोषणेच्या दुसऱ्या पानावर त्या स्पर्धकाचा नोंदणीकृत पत्ता होता. माझ्या कंपनीचीच इमारत, तोच मजला, गाळा शेजारचा. तो पत्ता मी वाचला होता! राहून राहून तेच पान डोळ्यांपुढे येतं. पण खालीच छापलं होतं, ‘प्रवर्तकांचे हितसंबंध: नाहीत’, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांचा त्या स्पर्धकाशी संबंध नाही. सहीशिक्क्याच्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर? त्या स्पर्धकाचा मालक माझ्या कंपनीच्या प्रवर्तकाच्या बायकोचा भाऊ निघाला. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, व्याख्येत तो प्रवर्तक गटातच मोडतो. आमचे पैसे घरातल्या घरात फिरले.

सत्यम या आयटी कंपनीने 16 डिसेंबर 2008 ला आपल्याच प्रवर्तकांच्या, राजू कुटुंबाच्या, दोन कंपन्या घ्यायचा असाच घाट घातला होता. गुंतवणूकदार भडकले म्हणून काही तासांत गुंडाळावा लागला. इथे भडकणारा कुणी मोठा फंड नव्हता. विकली जाणारी कंपनी लहान असली की सौद्याला स्पर्धा आयोगाची परवानगीही लागत नाही, तेव्हा ‘स्पर्धक’ शब्द कुणी तपासलेला असतो असं धरूच नका. संचालकांची नावं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा.

तक्रार केली तर कार्यालयाने खुलासा मागवला तो कंपनीकडूनच. ‘सर्व नियमांचे पालन केले आहे’, एवढी एक ओळ आली आणि तक्रार निकाली! ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचाच शब्द प्रमाण? पोलीस म्हणाले, बाजारात तोटा व्हायचाच, दिवाणी बाब आहे. पोलिसांच्या वरच्या शाखेत गेलो तर म्हणे रक्कम लहान. पत्त्याचं ते पान प्रत्येक टेबलावर ठेवलं, एकानेही उलटून पाहिलं नाही. खोटं छापणं हा गुन्हा नाही का?

प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत ते दर तिमाहीला पाहा. अशा सौद्याचा मूल्यांकन अहवाल मागा, देत नसतील तर बाहेर पडा.

आणि फसलाच असाल तर सगळे शेअर विकू नका. कंपनी कायदा 2013 च्या कलम 245 खाली 100 भागधारक मिळून दावा लावू शकतात, पण त्यासाठी भागधारक असावं लागतं. हे मला त्या कार्यालयांत कुणीही सांगितलं नाही. वकिलाकडून कळलं, तेव्हा 1,200 च्या 1,200 विकून झाले होते.